विक्रीनंतरचा ताबा : खरेदीखत आणि वहिवाट यांमधील अंतराचा इतिहास

घराचा सौदा ठरतो, मोबदला पोचतो, खरेदीखत होऊन त्याची नोंदही होते. आणि तरीही विकणारा घर सोडीत नाही. न्यायालयांना परिचित असलेला हा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र सहसा विचारात घेतलेला नाही. विकणाऱ्याचा लबाडपणा एवढाच त्याचा अर्थ असता, तर त्यासाठी स्वतंत्र विवेचनाची गरज पडली नसती. परंतु विकलेल्या घरात मनुष्य का राहतो या प्रश्नाचे उत्तर कालपरत्वे बदलत गेले आहे, आणि त्या बदलाबरोबर विक्री या कल्पनेचे स्वरूपही पालटले आहे. प्रस्तुत टिपणात महाराष्ट्रापुरता हा बदल थोडक्यात पाहावयाचा आहे.

१

धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणात मालकीची दोन अंगे मानलेली आहेत : आगम, म्हणजे मालकी प्राप्त होण्याचे कारण, आणि भुक्ति, म्हणजे प्रत्यक्ष उपभोग. पूर्वजांपासून चालत आलेला उपभोग सोडला, तर आगम हा भोगापेक्षा बलवान, असे याज्ञवल्क्यस्मृति सांगते. पण त्याच ठिकाणी ती असेही सांगते की, जेथे अल्पसुद्धा भुक्ति नाही तेथे आगमालाही बळ नाही. कल्याणीच्या चालुक्य राजवटीत, विक्रमादित्य सहावा याच्या काळी, मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने याचे कारण मोठ्या मार्मिकपणे दिले आहे. वस्त्र किंवा सोने हातात घेता येते. शेत हातात घेता येत नाही. म्हणून स्थावराचा स्वीकार त्याच्या फळाच्या उपभोगानेच होऊ शकतो, आणि असा थोडाही उपभोग घडला नाही तर दान, क्रय इत्यादि व्यवहार संपूर्ण होत नाहीत.

या विचाराप्रमाणे ताबा ही विक्रीनंतरची पायरी नव्हे. ती विक्रीचाच शेवटचा अवयव होय. विकणारा जागा सोडीत नसेल, तर विक्री झाली पण ताबा मिळाला नाही असे म्हणण्यापेक्षा विक्री अद्याप पुरी झालेली नाही असेच म्हणावे लागेल. मिताक्षरेत उल्लेखिलेली दुसरी एक परंपराही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ग्राम, ज्ञाति, शेजारी व दायाद यांची संमति आणि सुवर्ण व उदक यांचे दान, अशा सहा गोष्टींनी भूमि एकाकडून दुसऱ्याकडे जाते असे ती सांगते. घराचे हस्तांतर हा दोघांचा खाजगी करार नसून चारचौघांच्या देखत घडणारी घटना होती, असा याचा भावार्थ घेता येईल.

२

मराठेशाहीतील वतन, मिरास व घरठाणे यांच्या विक्रीच्या कागदांत या दृष्टीची छाया दिसते. अशा कागदात चतुःसीमा सांगितलेल्या असतात. विकत घेणाऱ्याने लेकराचे लेकरी उपभोग घ्यावा असे म्हटलेले असते. पुढे कोणी कथळा केला तर त्याचे निवारण विकणाऱ्याने करावयाचे असते. आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यांची व इतरांची साक्ष असते. तंटा उद्भवला म्हणजे तो गोतापुढे जाई व निर्णयाचा महजर होई. कागदाला महत्त्व होतेच. पण वहिवाट कोणाची हे पांढरीतल्या माणसांना ठाऊक असे, आणि कागदाचा अर्थ त्या ठाऊक असण्याच्या आधारानेच लावला जाई.

याचा अर्थ त्या काळी सर्व काही न्याय्य होते असा नव्हे. गोतात ज्याचे वजन अधिक त्याची वहिवाट लोकांना अधिक स्पष्ट दिसे, हे उघड आहे. तथापि विकणारा घरात राहिला असेल तर तो कोणत्या नात्याने राहिला आहे हे विचारल्यावाचून निर्णय होणे त्या पद्धतीत कठीण होते.

३

एकोणिसाव्या शतकात ही स्थिति पालटली. १८५९ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, त्याच वर्षीचा मुदतीचा कायदा आणि १८६४ पासूनचे नोंदणीचे कायदे यांनी कागद हा व्यवहाराचा मुख्य पुरावा बनविला. सावकाराजवळ रोखा, रोख्यावरून हुकूमनामा, हुकूमनाम्यावरून जप्ती आणि लिलाव, अशी साखळी तयार झाली. साखळीच्या शेवटी खरेदीदार होता तो पुष्कळदा सावकारच. मात्र खरेदीनंतर तो शेत स्वतः कसू शकत नसे, आणि कित्येकदा त्याची तशी इच्छाही नसे. म्हणून जुना मालकच कूळ बनून त्याच जमिनीवर राही. पुष्कळदा सरकारी खातेही त्याच्याच नावे चाले. कागदावर तो परका झाला होता. गावाच्या दृष्टीने मात्र कालचाच शेतकरी होता.

ही विसंगति सहन होण्यासारखी होती तोपर्यंत झाकलेली राहिली. प्रश्न घराचा आला तेव्हा ती उघडी पडली. शिरूर तालुक्यातील कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर तेथील देशमुखांचे राहते घर विकविले, आणि ते पाडण्यापर्यंत मजल गेली. शेत गेले तरी मनुष्य त्याच शेतावर कूळ म्हणून राहू शकत होता. घर गेल्यावर तशी सोय उरली नाही. कर्डे व आसपासच्या गावांत सावकारांवर बहिष्कार पडला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगल होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तिचे लोण पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता; ते हस्तगत करून जाळण्यात आले. वहिवाटीचे सत्य खोडून काढणारा कागद हाच त्यांच्या लेखी शत्रू होता.

चौकशी आयोगानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. दिवाणी प्रक्रियेतही शेतकऱ्याच्या राहत्या घराला जप्तीपासून संरक्षण मिळाले. १९०८ च्या संहितेचे कलम ६० हे त्याचे परिचित रूप होय.

४

दरम्यान विक्रीची कायदेशीर व्याख्या निराळ्या दिशेने घडत होती. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तऐवजानेच होते. त्याहून कमी किमतीच्या स्थावराची मात्र केवळ ताबा दिल्यानेही होऊ शकते. म्हणजे विज्ञानेश्वराची भुक्ति शंभर रुपयांच्या आतील घरापुरतीच विक्रीचा अवयव म्हणून उरली. एरवी मालकी कागदाने जाते. कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराने मागणी केल्यावर ताबा देणे हे विकणाऱ्याचे वेगळे कर्तव्य ठरते. काही किंमत येणे असेल तर विकणाऱ्याचा त्या मालमत्तेवर बोजा राहतो. पण हा बोजा म्हणजे घर अडवून बसण्याचा परवाना नव्हे.

विकलेल्या घरात राहणारा विकणारा ही आकृति या तरतुदींनी स्पष्ट केली : तो मालक नाही, आणि तरी तेथे आहे. मग तो आहे तरी कोण? तीन उत्तरे संभवतात. तो खरेदीदाराच्या अनुमतीने राहणारा असेल. भाडेचिठ्ठी लिहून दिलेला भाडेकरू असेल. अथवा कसलाही हक्क नसलेला अडवणूकदार असेल. परंतु दख्खनच्या इतिहासाने चौथे उत्तर शिकविले आहे : खरेदीखत हे मुळात गहाणच असेल, आणि विकणारा हा वस्तुतः ऋणको असेल. विकल्यानंतरही तो जाग्यावरून हालत नाही, कारण त्याच्या समजुतीने त्याने काही विकलेलेच नाही.

या चौथ्या उत्तराला न्यायालयात जागा द्यावी की नाही, यावर दीर्घकाळ मतभेद झाले. १८८० साली मुंबई उच्च न्यायालयाने पक्षकारांचे वर्तन पाहून खरेदीखत हे गहाण असल्याचे दाखविता येते असा पक्ष घेतला. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने तोंडी पुराव्याचा हा मार्ग साक्षीच्या कायद्याच्या कलम ९२ ला धरून नाही असे ठरविले. दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यातील कलम १०-अ ने शेतकऱ्यापुरता तो पुन्हा मोकळा केला. पण हा कायदा १९४७ साली नव्या कर्जनिवारण कायद्यापुढे मागे पडला. १९२९ च्या दुरुस्तीने तर परतफेडीची अट त्याच दस्तात नसेल तर त्याला सशर्त विक्रीचे गहाण मानू नये असा नियम घातला.

१९८१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात हा सर्व इतिहास जणू पुन्हा उभा राहिला. २,००० रुपयांच्या कर्जासाठी एका स्त्रीने आपल्या घराचे खरेदीखत करून दिले होते. पुढे तिच्यावरच भाड्याचा दावा झाला. न्यायालयाने भेद केला तो असा : दस्ताच्या अटी बदलण्यासाठी तोंडी पुरावा चालणार नाही, पण तो दस्त अंमलात आणण्याचा हेतूच कधी नव्हता हे सिद्ध करण्यासाठी तो चालेल. १८७२ च्या साक्षीच्या कायद्याची जागा आता २०२३ च्या अधिनियमाने घेतली असली, तरी हा भेद निरुपयोगी झालेला नाही.

५

येथवरच्या विवेचनावरून विकणाऱ्याची बाजू नेहमीच करुण असते असा ग्रह करून घेणे चूक ठरेल. आयुष्याची बचत देऊन घर घेतलेला व स्वतः भाड्याच्या खोलीत अडकून पडलेला खरेदीदार हा सावकार नव्हे. त्याने बळाने घर घ्यावे तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम ६ आड येते : कायदेशीर मार्गावाचून ताबा गमावलेला मनुष्य, मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून, सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. त्याने सौजन्याने भाडेचिठ्ठी लिहून घ्यावी, तर कालचा विकणारा उद्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण मागू शकतो. त्याने नुसतीच वाट पाहावी, तर मुदतीच्या कायद्यातील बारा वर्षांचा हिशेब पुढे येतो. अनुमतीने राहणाऱ्याचा ताबा विरोधी ठरत नाही हे खरे; पण अनुमति दिली होती हे दाखविण्याचे ओझे कालांतराने जडच होत जाते. न्यायालयाच्या लिलावात घर घेणाऱ्याला राहत्या ऋणकोस हलवून प्रत्यक्ष ताबा मागता येतो. मात्र १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे त्या अर्जाला एकच वर्ष आहे. राहणारा भाडेकरू असेल तर दारावर प्रमाणपत्र लावून व दवंडी पिटून मिळणाऱ्या ताब्यावरच त्याला समाधान मानावे लागते. गोतापुढच्या जुन्या साक्षीचा एवढाच अवशेष संहितेत उरला आहे.

तात्पर्य, कागद आणि वहिवाट यांची ताटातूट हा आधुनिक विक्रीचा स्वभाव आहे, व तिचे लाभही थोडे नाहीत. दूरच्या अनोळखी माणसाला निर्धास्तपणे घर घेता येते ते तिच्यामुळेच. परंतु पूर्वी हस्तांतराच्या वेळीच चारचौघांत विचारला जाणारा प्रश्न तिने पुढे ढकलला आणि न्यायालयाच्या दारी नेऊन सोडला. विकल्यानंतरही घरात दिवा लागत असेल, तर तो कोणाच्या नात्याने लागतो आहे? हे आधी तपासले तर प्रामाणिक खरेदीदाराला विलंबाने न्याय मिळत नाही, आणि ऋणकोचे छप्पर विक्रीच्या नावाखाली जात नाही. कर्डे येथील प्रसंगी हा प्रश्न विचारण्याची तरतूदच कायद्यात नव्हती. दस्ताच्या मजकुरावर संशोधकाने थांबू नये हा धडा त्यातून घेतला पाहिजे; दस्त झाल्यावर त्या घरात कोण राहिले, हेही त्याने पाहावयास हवे.