आडनावाचं स्पेलिंग बदललं की सर्च का फसतो?

वंशावळीच्या साइटवर आडनाव टाकलं की थोड्या वेगळ्या स्पेलिंगच्या नोंदीही येतात. त्यामागे बऱ्याचदा साउंडेक्स ही जुनी पद्धत असते. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना 1918 मध्ये तिचं पेटंट मिळालं. नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे आणि जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. म्हणजे बी, एफ, पी, व्हीला 1, डी आणि टीला 3. आकडे तीनच, कमी पडले तर शून्य.

गोव्यातल्या पोर्तुगीज नोंदींत 'प्रभू'चं 'पोरोबो' झालेलं दिसतं. दोन्हींचा कोड पी-610, म्हणजे बरोबर जुळलं. 'कामत' मात्र तिथे सी-ने लिहिलेलं सापडतं आणि आज आपण के लिहितो. पहिलं अक्षरच वेगळं, त्यामुळे नोंद असूनही दिसत नाही. 'वाघ'चं तेच, कुणी डब्ल्यू लिहितो, कुणी व्ही. उलट काळे आणि कोल्हे या दोघांचाही कोड के-400! त्यामुळे साउंडेक्सने दिलेली नावं ही फक्त तपासायची यादी समजा. पहिलं अक्षर बदलून पुन्हा शोधायचं काम आपलंच.

जुन्या मराठी कागदांत तर आडनावच नसतं. 'रामा बिन सखाराम', म्हणजे सखारामचा मुलगा रामा, एवढंच. इथे आडनावाचा सर्च कितीही हुशार असला तरी उपयोग शून्य. गाव, वडिलांचं नाव आणि सर्व्हे नंबर धरूनच मागे जावं लागतं.

हे फक्त हौसेपुरतं नाही. जात पडताळणीत खापरपणजोबांच्या नोंदीपासून अर्जदारापर्यंत दुवा जोडावा लागतो. मधला एक माणूस चुकीचा निघाला तर पुढचं सगळं लटकतं. इंटरनेटवरच्या तीन वंशवृक्षांत तेच नाव दिसलं म्हणून तीन पुरावे होत नाहीत, बहुतेकदा एकाचंच दोघांनी कॉपी केलेलं असतं. इंडेक्समधलं नावही कुणीतरी वाचून टाइप केलेलं असतं, म्हणून मूळ पानाचा स्कॅन उघडाच. घटना घडली तेव्हाच लिहिलेली नोंद, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचा फेरफार, आधी बघा. फेरफारात वारसांची नावं एकत्र मिळतात, हा मोठा फायदा.

राज्य सरकारच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत. तिथे शोध गाव आणि नंबरावरून चालतो, आडनावाच्या स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही.