राज्यकीटक बेपत्ता आहे

१९८९ साली न्यूयॉर्क राज्याने नऊ ठिपक्यांच्या लेडीबर्डला राज्यकीटक ठरवलं. गंमत अशी, की तेव्हा तो तिथे कुणाला दिसतच नव्हता. राज्यातली शेवटची नोंद १९८२ची. (आमच्याकडे टेस्टिंग न करता फीचर रिलीज होतं, त्यातलाच प्रकार.)

कॉक्सिनेला नोव्हेमनोटाटा हे त्याचं शास्त्रीय नाव, हर्ब्स्ट या जर्मन अभ्यासकाने १७९३ साली दिलेलं. एकेकाळी हा अमेरिकेतल्या शेतांत सर्रास मावा खात फिरायचा. १९७०-८०च्या दशकांत ईशान्येकडून तो नाहीसा होत गेला.

त्याच सुमारास त्याचा सात ठिपक्यांचा भाऊबंद पसरत होता. अमेरिकी कृषी खात्याने मावा आटोक्यात आणायला १९५६पासून तो मुद्दाम आणून सोडला होता. १९७३ साली न्यू जर्सीत त्याने बस्तान बसवलेलं दिसलं. हाच सातठिपक्या आपल्याकडे करडई-ज्वारीवरचा मावा फस्त करतो आणि मित्रकीटक म्हणून मिरवतो. तिकडे मात्र तो संशयित क्रमांक एक. गुन्हा अजून सिद्ध नाही. रोग आणि शेतांचं बदललेलं रूप हेही आरोपी आहेतच.

आता हा हरवलेला ओळखायचा कसा? ठिपके मोजून? मी कोड लिहिणारा, मोजणीवर माझा फार भरवसा. पण मधला ठिपका दोन्ही पंखकवचांत अर्धा अर्धा वाटलेला असतो, म्हणजे एका बाजूला साडेचार! शिवाय या जातीत बिनठिपक्यांचेही नमुने निघतात. म्हणून डोक्यामागची काळी ढाल बघायची. सातठिपक्याच्या ढालीच्या पुढच्या कोपऱ्यांत दोन सुटे पांढरे डाग असतात. नऊठिपक्याला पुढच्या काठाने सलग पांढरी किनार असते.

कॉर्नेल विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ जॉन लोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधाचं काम सरळ लोकांवर सोपवलं, त्यातही मुलांवर. पकडा, फोटो काढा, पाठवा. मला यातली ही बाजू सगळ्यात आवडते. २००६ साली व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये दोन भावंडांना एक नऊठिपक्या सापडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विधानसभेने मात्र आशा सोडून राज्यकीटकच बदलायचं विधेयक मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं, म्हणून पद शाबूत राहिलं.

२०११ साली लाँग आयलंडवर, अमागॅन्सेटच्या एका शेतात, फुलझाडांजवळ एक दिसला. शास्त्रज्ञ पोचले तेव्हा तिथे आणखी निघाले. त्यातले काही कॉर्नेलच्या प्रयोगशाळेत गेले, पिल्लावळ वाढवायला.