मानवचलित वाहनांची ऊर्जा-कार्यक्षमता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वाहनांच्या इतिहासात वाफेचे इंजिन, मोटार व विमान यांना मानाचे स्थान आहे. माणसाच्या स्नायुबळावर चालणाऱ्या वाहनांचा विचार त्यामानाने कमी होतो. अधिक कार्यक्षम रचना उपलब्ध असूनही ती प्रचारात का येत नाही, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे घेतला आहे.

सायकल आणि ऊर्जाबचत :
१८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनविला. त्याच सुमारास बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला. सायकलीच्या कार्यक्षमतेचे मोजमाप १९७३ साली एस. एस. विल्सन यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील लेखात मांडले. पायी चालताना शरीराच्या दर ग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे ०.७५ कॅलरी खर्च होते. सायकलवर ती सुमारे ०.१५, म्हणजे एक-पंचमांश इतकीच लागते.

पाठ टेकून चालवायची सायकल :
सायकलचा वेग वाढला की हवेचा विरोध हाच प्रमुख अडथळा ठरतो. वेग दुप्पट झाल्यास हा विरोध चौपट होतो व त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या 'रिकम्बंट' सायकलीत स्वाराचा वाऱ्यासमोर येणारा आकार कमी होतो. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिस येथे फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशे यांच्या अशा सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून १९१४ पासूनचा विक्रम मोडला. तो पहिल्या फळीतील स्पर्धक नव्हता, हे येथे महत्त्वाचे. १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की, ही रचना स्पर्धेतून बाद झाली. पुढे २०१६ साली टॉड रायकर्ट याने पूर्ण आच्छादित रिकम्बंटवर ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. चढावर मात्र या रचनेचा विशेष लाभ होत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव :
फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल-रिक्षाच्या सुधारणेचे काम केले व २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये ते मांडले. प्रचलित रिक्षा वजनाने जड. तिला गिअर नाही आणि ब्रेक केवळ पुढच्या चाकाला. संस्थेने गिअर व मागील ब्रेक असलेली, वजनाने हलकी रिक्षा तयार केली. रिक्षाचा वेग मंद असल्याने येथे हवेच्या विरोधापेक्षा वजन, घर्षण व गिअर यांना महत्त्व आहे. माथेरानमध्ये तर चाक असूनही ओढणारा पायीच चालत आला; ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला.

समारोप :
पॅरिसमध्ये चांगली रचना नियमाने मागे पडली. रिक्षाच्या बाबतीत कोणताही नियम आड आला नाही. वाहनाची किंमत मोजली गेली, परंतु चालविणाऱ्याच्या श्रमाची किंमत कोणी मोजली नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला हा विषय परका नाही. पाथर्डी, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर होते आणि कोयता, मोळी, डोक्यावरचे ओझे हीच त्या श्रमाची साधने राहिली आहेत. कार्यक्षमता हा केवळ पदार्थविज्ञानाचा प्रश्न नसून, कोणाचे श्रम वाचविण्यायोग्य मानले जातात हा सामाजिक इतिहासाचाही प्रश्न होय.