तळटीप : सहीचा हक्क

‘पालकांची लेखी संमती घेण्यात आली होती’ : हे विधान खम्मम जिल्ह्यापुरते तरी स्वीकारता येत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीचा हा प्रकल्प ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सहकार्याने 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत सुरू केला. मुली 10 ते 14 वर्षांच्या, त्यांत आदिवासी घरांतल्या बऱ्याच. खम्मममधील तपासलेल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 पत्रांवर वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या, 1,948 पत्रांवर अंगठे. मुलगी शिकायला वसतिगृहात ठेवली म्हणून तिच्या शरीराविषयीचा निर्णय आईबापांनी वसतिगृहप्रमुखाच्या हवाली केला, असे कोणत्या न्यायाने मानायचे? अंगठ्याने संमती आपोआप रद्द होत नाही. निरक्षर आईलाही लस कशाची, धोके कोणते, नकार देता येतो का, हे तिच्या भाषेत सांगता येते. ते सांगितले गेले का, एवढाच प्रश्न आहे.

लस घेतलेल्या काही मुलींच्या मृत्यूंनंतर 2010 च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण लस सुरक्षित ठरल्याने न विचारता टोचणे समर्थनीय ठरत नाही. ‘हे संशोधन नव्हे, प्रात्यक्षिक प्रकल्प’ हा ‘पाथ’चा बचाव संसदीय स्थायी समितीने 2013 च्या अहवालात फेटाळला. आम्हालाही तो पटत नाही. – संपादक