काढणे आणि परत देणे

‘रक्त बिघडले आहे, काढून टाकले पाहिजे’ हे वाक्य आपल्या वाडवडिलांना नवे नव्हते. हकीमसाहेब शीर उघडून रक्त काढत, त्याला ‘फस्द’ म्हणत. कधी जळवा लावत. इब्न सिना (980-1037) यांच्या ‘अल-कानून’मध्ये जळवांच्या उपचाराचे विवेचन आहे. आज याला हसणे सोपे आहे. पण मुळातला प्रश्न खोटा नव्हता: रक्तातले वाईट तेवढेच काढता येईल का? फस्दमध्ये वाईटाबरोबर चांगलेही वाहून जाई आणि रोगी अधिकच खंगे.

रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर द्रव असतो. तो प्लाझ्मा, बाकीच्या पेशी. काही रोगांत पेशींचा दोष नसतो, घातक द्रव्य प्लाझ्मात असते. 1914 मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल, राउनट्री आणि टर्नर या तिघांनी कुत्र्यांचे रक्त काढले, प्लाझ्मा वेगळा केला आणि पेशी क्षारांच्या द्रावणात मिसळून त्याच कुत्र्यांना परत दिल्या. या कृतीला त्यांनी ‘प्लाझ्माफेरेसिस’ म्हटले. काढणे जुनेच होते, परत देणे नवे होते.

गंमत अशी, की इथेही जळू होतीच. शरीराबाहेर आलेले रक्त गोठू नये म्हणून एबल यांच्या प्रयोगशाळेत जळवांच्या डोक्यांतून काढलेले हिरुडिन वापरीत. पहिले महायुद्ध पेटले आणि युरोपातून येणाऱ्या जळवा बंद झाल्या. 1916 मध्ये त्याच विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हाती रक्त गोठू न देणारे दुसरे द्रव्य लागले. तेच पुढे हेपॅरिन झाले. पण माणसाला देण्याइतके शुद्ध हेपॅरिन मिळायला 1930 नंतरची वर्षे उजाडली.

मग यंत्र हवे होते. आयबीएम कंपनीतील अभियंता जॉर्ज जडसन यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. बापाने हात जोडून बसण्याऐवजी 1960 च्या दशकात डॉ. एमिल फ्रायराइख यांच्यासोबत रक्त सतत फिरवून त्याचे घटक वेगळे करणारे यंत्र घडवले.

दरम्यान 1960 मध्ये, ज्यांचे रक्त एका प्रथिनाच्या अतिरेकाने दाट होते अशा वाल्डेनस्ट्रोम विकाराच्या रोग्यांवर हा उपचार झाल्याचे प्रसिद्ध झाले. 1976 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी गुडपाश्चर रोगावरील अनुभव मांडला. या रोगात शरीराची स्वतःचीच प्रतिद्रव्ये मूत्रपिंडांवर आणि फुप्फुसांवर उलटतात. 1985 मध्ये अमेरिकेतील 245 रोग्यांच्या अभ्यासाने दाखवले, की हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे विकारातही या उपचाराने रोगी लवकर सावरतात. आज यंत्र वेगाने फिरवून किंवा सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून प्लाझ्मा वेगळा करते. काही पद्धतींत तोच प्लाझ्मा दुसऱ्या गाळणीतून स्वच्छ करून परत देतात.

पण याला चमत्कार समजू नये. विष धुतले तरी ते बनवणारा कारखाना शरीरात चालूच राहू शकतो. तो थांबवायला औषधे लागतात. शिवाय प्लाझ्मा काढून टाकला, तर त्याची जागा भरावी लागते, आणि ती भरतात अल्ब्युमिनने किंवा दुसऱ्याच्या प्लाझ्माने. अल्ब्युमिन तरी येते कुठून? माणसांनीच दिलेल्या प्लाझ्मातून.

म्हणूनच आम्हांला हा इतिहास निव्वळ यंत्रांचा वाटत नाही. खाटेवर पडलेल्या रोग्याच्या शिरेत जे जाते, ते कुणा अनोळखी माणसाने आपल्या अंगातून दिलेले असते. पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो. जात, बिरादरी, मोहल्ला लिहिलेला नसतो. आपल्या वस्तीत रक्तदानाचे शिबिर भरले, की ‘अशक्तपणा येईल’ म्हणून मागे सरकणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: निरोगी शरीर दिलेला प्लाझ्मा थोड्याच दिवसांत भरून काढते. रोग्याला मात्र तो दुसऱ्या माणसाकडूनच घ्यावा लागतो.