दहा तक्रारी, दहा गोळ्या? आधी सगळं एकत्र सांगा

हातापायाला मुंग्या येतात, केस गळतात, जिना चढताना धाप लागते, रात्री पोटऱ्या वळतात, चिडचिड वाढली आहे. आपल्या घरांत अम्मी किंवा आपा या तक्रारी एकेक करून, तेही कामाच्या ओघात सांगतात. मग केसांसाठी तेल, पायांसाठी बाम, थकव्यासाठी मेडिकलवरून ताकदीची गोळी. काही जण 'नजर लागली' म्हणून मोकळे होतात. पण या सगळ्यांचं मूळ एकच असू शकतं, आणि अनेकदा ते साध्या रक्ततपासणीत सापडतं.

पहिली शंका रक्त कमी असण्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर ते कमी. माती, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटणं हीसुद्धा लोह कमी असल्याची खूण असू शकते. मुली हे लाजून लपवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. पुरुषाचं रक्त कमी निघालं तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नये, ते कुठे जातंय हे शोधावं लागतं.

'आम्ही तर गोश्त खातो, बी-१२ कमी कसं?' हा प्रश्न नेहमीचा. शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर खाऊनही बी-१२ कमी पडू शकतं. मुंग्या तिथून येतात, शुगरनेही येतात. म्हणून दोन्ही तपासावं. थायरॉईड मंदावला की थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, पाळीत बदल हे सगळं एकत्र येतं. त्याची तपासणी टीएसएच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. घरातच वावर असेल तर व्हिटॅमिन डीचंही विचारा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्यासाठी कामाचं नाही, गच्चीवर थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसावं.

तक्रारी कधीपासून, पाळी कशी, कोणत्या गोळ्या चालू, हकीमजींची दवासुद्धा, हे सगळं एका कागदावर लिहा आणि एकाच डॉक्टरांना दाखवा. जवळचं महापालिकेचं आरोग्य केंद्र चालेल, नाहीतर घाटीच्या मेडिसिन ओपीडीत केस पेपर काढा. तिथल्या गर्दीत डॉक्टरांना वेळ कमी मिळतो, तेव्हा हा कागदच कामाला येतो. सगळं नॉर्मल आलं तर झोप आणि मनावरचा ताण यांबद्दलही बोला. त्यानेही अंग खरंच दुखतं, ते नाटक नसतं.

छातीत दाब, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, बसल्या जागी धाप, काळी शौच: यात कागद लिहीत बसू नका, १०८ लावा.