झिजलेला कॅम

फिरत्या दांड्यावर उंचवटा ठेवावा आणि त्याने दुसरा भाग नेमक्या वेळी उचलावा, ही कॅमची युक्ती फार जुनी आहे. अल्‌-जझरीच्या १२०६ सालच्या ग्रंथातील यंत्रांत ती आढळते. रुडॉल्फ डीझेलचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले, त्यातही व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमकडेच होते. पुढे १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. तोच टर्बोचार्जर. परंतु हवा कितीही कोंबली, तरी तिला वाट व्हॉल्व्हच देणार!

कॅमचा उंचवटा झिजला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. हवा अपुरी पडते, डीझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो. पुष्कळ अवजड इंजिनांत इंधनाचा फवाराही कॅमच चालवितो. तेथे नुकसान दुहेरी होते.

पूर्वी असा भाग कारागिराला हाताने घडवावा लागे. एका मापाचे भाग कारखान्यांतून निघू लागले आणि जुना काढून नवा बसविणे सोपे झाले. तरी जाणता फिटर कॅमशाफ्टबरोबर त्यावर घासणारे टॅपेट किंवा रोलरही तपासतो, कारण खरबरीत झालेला जुना भाग नव्याला लवकर खातो. मग तो गिअरवरील खुणा जुळवितो, व्हॉल्व्हची फट मोजतो. खूण चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. डीझेल आणि ब्यूखी यांची नावे ग्रंथांत आहेत. त्यांचे शोध रस्त्यावर चालते ठेवणारा हा फिटरही त्याच इतिहासाचा भागीदार होय.